जयवंताबाईंनी राखून ठेवलेलं नाव

आधीच सांगून ठेवते, मी काही माह्या नणंदेची तारीफ कराले बसली नाही. तारीफ कराले त्यांचा भाऊ घरात आहे, म्हणजे माहा नवरा, बाबनराव. त्यांले विचारा, ते म्हणतील आमची जयवंता म्हणजे सोनं आहे. असंन बाप्पा. पण त्या सोन्याचे टोमणे एकतीस वर्षं मी ऐकले, त्यांनी नाही.

जयवंताबाई राहतात तांडापेठेत, माहेरच्याच गल्लीत, एका खोलीत. वय चौसष्ट. लग्न उमरेडले झालं होतं. नवरा नऊ वर्षांनी वारला, लेकरू नव्हतं, सासरच्यांनी हळूहळू बोलणं कमी केलं, तर बाई एक ट्रंक घेऊन नागपूरले परत आल्या. तोवर गल्लीतले हातमाग एकेक करून बंद पडत चालले होते. बाईंनी शिलाई मशीन घेतली आणि साड्यांले फॉल-पिको कराले बसल्या. आजही करतात. सुईत दोरा अजून बिनाचष्म्यानं ओवतात आणि मी चष्मा शोधून राहिली की मुद्दाम माह्या समोर ओवतात.

फिरतात स्कूटीवर. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवरून दुपट्टा, हातात मोजे, आणि त्या अवतारात सिग्नलवर उभ्या राहून अनोळखी माणसाले सांगतात, "भाऊ, घरवालीचा पदर चाकात जाऊन राहिला आणि तू मोबाइल पाहून राहिला." एकदा तो पदर खरंच अडकला होता म्हणे. तेव्हापासून त्यांले वाटते, साऱ्या शहराची जिम्मेदारी त्यांच्यावरच आहे. आमच्या घरी आल्या की पहिले चपला काढतात, मग दोष काढतात. कूलरमधी पाणी कमी आहे. वरणात हिंग जास्ती आहे. बाबन वाळून राहिला. बाबन नव्वद किलोचा आहे.

आणि मी हे सगळं ऐकून घेत होती. काहून? तर माहीच चोरी होती.

आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते, बापाची बहीण. बारशाच्या दिवशी तिनं पाळण्यात वाकाचं, बाळाच्या कानात कुर्र कराचं, नाव सांगाचं, आणि नाव सांगितलं रे सांगितलं की जमलेल्या बायांनी तिच्या पाठीत दणादण बुक्क्या घालाच्या. ज्या आत्याची पाठ दुसऱ्या दिवशी दुखली नाही, तिचा मान झालाच नाही समजा. आता बाईंले भाऊ एकच, बाबनराव. आणि आम्हाले पोरगा एकच, चेतन. म्हणजे बाईंच्या नशिबात नाव ठेवाचा मान उभ्या जन्मात एकदाच होता. तो मी खाल्ला.

१९९६ ची गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, बी. ए. चं एक वर्ष झालेली, अक्कल फार. पाचव्या महिन्यातच मी 'चेतन' ठरवून बसली होती. मले भीती होती की बाई पोराले आपल्या बापाचं नाव देतील. माहे सासरे चंपतराव. माणूस देवासारखा, पण तुम्हीच सांगा, चंपत नावाच्या पोट्ट्याले शाळेत कोनी जगू दिलं असतं? तर मी माह्या लहान बहिणीले, दामिनीले, शिकवून ठेवलं. म्हटलं, बाई वाकल्या आणि कुर्र केलं की तू मागून जोरात ओरड, "चेतन!" दामिनीचा आवाज असा की ती इथं बोलली तर कामठीतल्या माणसानं मागं वळून पाहावं.

ती ओरडली. बायांले वाटलं, झालं नाव. बुक्क्या सुरू. पण आत्या तर अजून पाळण्यात वाकलेली, आणि नाव सांगणारी दामिनी, तर सगळ्या बुक्क्या पडल्या दामिनीले. पोरगी आठ दिवस पालथी झोपली.

बाई सरळ झाल्या. पदर नीट केला. वाटीभर घुगऱ्या खाल्ल्या. आणि जाताना उंबऱ्यात उभ्या राहून सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "माह्यापाशी नाव होतं. आता राहू द्या माह्या पोटातच."

झालं. सासू चार महिने माह्याशी बोलली नाही. सासऱ्यांनी चहा घेणं सोडलं, म्हणजे माह्या हातचा. आणि बाईंनी त्या दिवसापासून पोराले 'चेतन' म्हणून एकदाही हाक मारली नाही. पोट्टा म्हणतात. पोट्टा दहावी झाला, पोट्टा इंजिनियर झाला, पोट्ट्याले दाढी आली. पत्रिकेवर, केकवर, कुठंही 'चेतन' दिसलं की मान दुसरीकडे. कोनाच्या लग्नात एखादी मावशी विचारेच, "जयवंता, काय होतं वं ते नाव?" बाई माह्याकडे पाहत, बारीक हसत, आणि म्हणत, "जाऊ द्या." त्या 'जाऊ द्या'नं माहा जीव जळे.

मीही माणूसच आहे. पुढं पुढं समजत गेलं की आपण काय केलं. बाईले ना लेकरू, ना दुसरा भाऊ. एक नाव मनात धरून आली होती, ते आपण तिच्या तोंडातून काढून घेतलं. लाज वाटे मले. मग दर दिवाळीले बाईंच्या पसंतीची साडी. दर रविवारी पहिलं ताट बाईंचं. एकोणतीस दिवाळ्या, एकोणतीस साड्या. त्यातही त्या म्हणत, काठ थोडा रुंद पाहिजे होता.

आता या सगळ्यात खेळ कुठून आला, ते ऐका.

चेतननं चार वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली आणि रामदासपेठेत एका पॅथॉलॉजीच्या वर खोली घेऊन कॉम्प्युटरवरचा खेळ बनवाले लागला. सोबत मयुरा नावाची पोरगी, नरखेडकडची, चित्रं तीच काढते. खेळाचं नाव 'तलावाखालचं राज्य'. तलावाच्या तळाशी एक गाव आहे, तिथं मासे पहारा देतात, विहिरी वरच्या दिशेनं जातात, आणि खेळणाऱ्यानं कामं करत करत एकेक दरवाजा उघडत पुढं जाचं. बाबनरावांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तलावाच्या खाली राहतात तर मोटार कोनत्या कंपनीची लावली?" चेतन दोन दिवस बापाशी बोलला नाही.

तर सगळं झालं. मासे झाले, राजा झाला, राजाची मिशी झाली. अडलं एका जागी. त्या राज्यातल्या पैशाले नाव नव्हतं. बंगलोरची कोनती तरी कंपनी खेळ बाजारात आणणार होती, तिनं सांगितलं, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत नाव द्या, नाही तर आम्ही 'क्रिस्टल' टाकून मोकळे होतो. चेतन म्हणे, "आई, जगातल्या अर्ध्या खेळांत क्रिस्टल आहे. मी चार वर्षं घासलो ते क्रिस्टलसाठी?"

मग घरात नावांचा पूर. मोहर म्हटलं तर ती दुसऱ्या खेळात आहे. 'सुवर्णक' चेतनले आवडलं होतं, बाबनराव म्हणाले, हे खोकल्याचं औषध वाटते, दोन चमचे जेवणानंतर. 'रत्नम्' म्हटलं तर मयुरा म्हणे, काकू, आमच्या नरखेडले या नावाचं साडीचं दुकान आहे. मी म्हटलं, रुपयाच म्हणा ना सरळ. चेतन म्हणाला, "आई, तलावाखाली रिझर्व्ह बँक नाही आहे." माशांचा पहारा चालते, पण बँक नाही चालत.

तो रविवार होता. बाई नेहमीसारख्या जेवाले आल्या होत्या, मयुराही होती. पाटवडीचा रस्सा होता. सगळे नावावरून भांडून राहिले होते आणि बाई मुकाट जेवून राहिल्या होत्या. तेवढ्यात चेतनच्या डोक्यात काय आलं काय माहीत. तो एकदम ताठ बसला आणि म्हणाला, "अरे, आपल्या घरात तर एक नाव आहे ना! एकदम कोरं. कोनी वापरलेलंच नाही. आत्या, तू ठेव नाव! माहं राखून ठेवलेलं दे त्याले!"

बाबनरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं, रस्सा तिखट होता पण तेवढा नाही. बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, किती भरून आलं बिचारीले. मी म्हटलं, "बाई, ठेवा नं. माह्या डोक्यावरचं ओझंही उतरन."

बाई पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, "पण हा मान माहा नाही. मी पोट्ट्याची आत्या. हे राज्य पोट्ट्याचं लेकरू समजा, तर त्याची आत्या म्हणजे पोट्ट्याची बहीण पाहिजे."

चेतनले बहीण नाही. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि बोट केलं, "ही आहे ना मयुरा. हिले बहीण मानून घे. ठेवंन हीच नाव."

"नाही!" मयुरा अशी ओरडली की चमचा खाली पडला. "मी बहीण-बिहीण नाही त्याची!"

चेतन ताटात पाहाले लागला. मयुरा चमचा उचलाले वाकली ती वर येईच ना. बाबनराव म्हणाले, "अवं पण मानलेली..." आणि मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. चार वर्षं ही दोघं म्हणून राहिली होती, खेळ बनवून राहिलो. बरं.

तर बहिणीचा रस्ता बंद झाला. मग बाईंनी अटी टाकणं सुरू केलं. बारसं बाराव्या दिवशी असते, म्हणाल्या. चेतन म्हणे, आत्या, खेळ चार वर्षांचा झाला, आता कोनता बारावा? मग म्हणाल्या, पाळणा पाहिजे, लाकडी, तोच. तो माळ्यावर होता, बाबनरावांनी नव्वद किलो घेऊन स्टुलावर चढून काढला. मग घुगऱ्या पाहिजेत. मग गल्लीतल्या पाच बाया पाहिजेत. मले वाटे, बरोबरच आहे, एकोणतीस वर्षांचा मान आहे, बाई एवढ्यात थोडीच सोडतील? मी एकेक अट पुरी करत गेली. आणि नवल म्हणजे, एक अट पुरी झाली की बाई खूश होण्याऐवजी अजून उतरत होत्या.

शुक्रवारी चार वाजता आमच्या हॉलमधी बारसं. मे महिना, कूलर घरघर करून राहिला, छताच्या कडीले पाळणा टांगला. पाळण्यात दुपट्यावर चेतनचा लॅपटॉप ठेवला, त्याची वायर बोर्डापर्यंत ताणलेली. शेजारच्या पाच बाया आल्या. एकीनं सवयीनं लॅपटॉपवरून हात ओवाळून बोटं मोडली आणि म्हणाली, "कोनावर गेलं वं?" दुसरी म्हणाली, "बापावर." मयुरानं पडद्यावर एक सोन्याचं नाणं फिरवून दाखवलं. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं. "हे तर सगळ्याच नाण्यांसारखं आहे," म्हणाल्या, आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागं गेली. बाई ओट्याले टेकून उभ्या होत्या.

"कुसुम, दार लाव."

"बाई, सगळे थांबले आहेत. पाच वाजता..."

"दार लाव म्हणते ना."

मी दार लावलं. बाई ओट्यावरच्या घुगऱ्यांनी भरलेल्या गंजाकडे पाहत म्हणाल्या, "नाव नाही आहे."

मी म्हटलं, "समजलं मले. ते राखलेलं तुम्हाले पैशाले द्यायचं नाही. नका देऊ, दुसरं कोनतंही..."

"राखलेलंच नाही आहे. कधी नव्हतंच वं."

मले काही समजलंच नाही. गॅस चालू होता, तो मी उगाच बंद केला.

"तीन महिने विचार केला होता मी," बाई म्हणाल्या. "वहीच्या पानावर बत्तीस नावं लिहिली होती. पान सोबत घेऊन झोपत होती. एक आवडे तर सकाळी तेच भिकार वाटे. एकदाच ठेवाचं होतं ना. बारशाच्या दिवशी पान फाडून टाकलं. म्हटलं, लेकराचं तोंड पाहीन आणि सुचंन. वाकली. तुह्या पोट्ट्यानं माह्याकडे पाहून जांभई दिली. डोकं कोरं झालं माहं. कुर्र केलं. पुन्हा कुर्र केलं. तिसऱ्यांदा करणार, तर मागून तुही बहीण बोंबलली. खरं सांगू? मले वाटलं, देवच ओरडला."

"मग उंबऱ्यात ते काय बोलल्या होत्या?"

"तोंडातून निघून गेलं. साऱ्या बाया पाहून राहिल्या होत्या."

आता माह्या अंगात आली. म्हटलं, "बाई! एकोणतीस वर्षं! सासू मले बोलेना, सासऱ्यांनी चहा सोडला! एकोणतीस साड्या दिल्या मी तुम्हाले!"

"मी कधी मागितली होती का?"

"काठ रुंद मागत होत्या ना!"

मग बाई हळू आवाजात बोलाले लागल्या, असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "उमरेडहून आली तेव्हा मले कोनी काही विचारत नव्हतं, कुसुम. जेवली का, हेही नाही. एक कोपऱ्यातली बाई होती मी. बारशाच्या दिवसापासून सगळे विचाराले लागले, जयवंता, नाव काय होतं? तू पहिलं ताट माहं वाढाले लागली. मी कोनत्या तोंडानं सांगणार होती की माह्यापाशी काहीच नाही?"

राग होताच माहा, तो काही गेला नाही. पण त्याच्यासोबत रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस भांडे घासाले लागते. मी एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

बाहेरून चेतन ओरडला, "आई, साडेचार!"

"तूच सांग काहीतरी," बाई म्हणाल्या. "मी कानात सांगते फक्त. कोनाले समजते?"

बघा, नशीब कसं असते. पुन्हा एकदा नाव ठेवणं माह्या हातात आलं होतं, आणि या खेपेले बाई स्वतः देत होत्या. सुचलंही होतं मले एक, सांगत नाही. पण मी म्हटलं, "नाही. एकदा हिसकलं ते पुरे झालं. आता तुम्हीच ठेवा. नाही सुचलं तर क्रिस्टल होईल, अजून काय होईल? पण तुमच्या तोंडून होईल." दार उघडलं आणि बाईंले बाहेर ढकललं.

बाई पाळण्यापाशी गेल्या. वाकल्या. कुर्र केलं. थांबल्या. पुन्हा कुर्र केलं. पाच बाया मुठी आवळून तयार. हेच मागच्या वेळेले झालं होतं. एका बाईनं तर दामिनीले शोधाले इकडंतिकडं पाहिलं.

बाईंनी मान वर केली. "पोट्ट्या, हे पैसे तुह्या राज्यात भेटतात कशानं?"

"कामं केल्यावर," चेतन म्हणाला. "विहिरीचं पाणी आणलं, जाळं विणलं, की थोडे भेटतात."

"आणि त्याचं काय करतात?"

"त्यानं दरवाजे उघडतात. मग हिंडाले भेटते."

"काम करून हिंडणं विकत घेतात," बाई म्हणाल्या. "आणि राज्याच्या बाहेर कोनी विचारते का त्याले?"

"नाही. बाहेर काहीच किंमत नाही."

बाई लॅपटॉपच्या अगदी जवळ वाकल्या, तिसऱ्यांदा कुर्र केलं, आणि म्हणाल्या, "कांडी."

कूलरच्या आवाजात कोनाले ऐकूच आलं नाही. मग सरळ झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कांडी! आमच्या घरी माग होता. बाबा मागावर बसत. इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालाले काडीवर सूत गुंडाळलेल्या कांड्या लागत, त्या भराचं काम आम्हा लेकरांचं. शाळेतून आलं की माय म्हणे, वीस कांड्या भर आणि मग कुठंही हुंदड. मग आम्ही आपसातच चालवत होतो. दोन कांड्या दे, माहा भोवरा फिरव. पाच कांड्या दे, तुह्या वाटचं पाणी मी भरते. साऱ्या गल्लीत चाले. गल्लीच्या बाहेर कोनी विचारत नव्हतं."

बाबनराव भिंतीले टेकून उभे होते, त्यांचा आवाज आला, "ही चाळीस भरे. वीस तिच्या आणि वीस माह्या. मी वर पतंग उडवत होतो." आणि नव्वद किलोचा माणूस पोरासारखा रडला.

चेतननं दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, "शंभर कांड्या. कांड्या संपल्या. एक कांडी दे ना यार." आणि त्याचं तोंड असं फुललं, की दहावीच्या निकालालेही एवढं फुललं नव्हतं. मयुरानं तोवर कागद ओढला होता. बाईंले विचारून विचारून बोरूच्या काडीवर गुंडाळलेलं सोनेरी सूत काढलं. "खर्च केली की सूत उलगडत जाईल," म्हणाली. नाणं गेलं, कांडी आली. पाचले आठ मिनिटं कमी असताना चेतननं नाव पाठवून दिलं, पाळण्यातूनच.

आणि मग पोट्ट्यानं विचारलंच. "पण आत्या, हे तर तुले आता सुचलं. माहं ते राखलेलं नाव कोनतं होतं? आता तरी सांग."

बाईंनी माह्याकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांची बाई, पण डोळे चोरी पकडलेल्या पोरीचे. माह्या हातात होतं सगळं. एका वाक्यात एकोणतीस वर्षांचा हिशेब चुकता झाला असता. पाच शेजारणीही होत्या ऐकाले.

मी म्हटलं, "ते नाव पैशावर उडवाचं नसते. ते आत्यानं तुह्या लेकरासाठी राखून ठेवलं आहे. तुले बहीण नाही, म्हणजे तो मानही यांचाच."

मयुराले ठसका लागला. चेतन तिले पाणी आणाले धावला. बाई माह्याजवळ सरकल्या आणि दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "कुसुम, पुन्हा फसवलं तू मले. आता ते कुठून आणू?"

"शोधा," मी म्हटलं. "टाइम आहे." मयुराकडे पाहिलं. "फार नाही आहे."

शेजारणी घुगऱ्यांकडे वळल्या, आणि तेव्हा माह्या लक्षात आलं. रडण्याबोलण्यात बाईंच्या पाठीत कोनी हातच घातला नव्हता.

"बाई, वाका," मी म्हटलं.

"काहून?"

"वाका म्हणते ना."

त्यांनी पाळण्याचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि वाकल्या. पाठ किती बारीक झाली होती त्यांची, मी आजवर पाहिलंच नव्हतं. पहिली बुक्की मी सगळा जोर लावून घातली, ती साड्यांची होती. दुसरी घालाले हात उचलला तर तो आपोआप हळू झाला.

"जोरात मार वं," पाळण्यातून आवाज आला. "किती वर्षं थांबली मी याच्यासाठी."